फाइल सतरा

रहमिम पेझारकर, वय एक्क्याऐंशी, उमरखाडी,
दुसरा मजला. दाराच्या उजव्या चौकटीवर मेझुझा,
ऑइलपेंटच्या सहा थरांखाली गुदमरलेला.
एवढं मी आधीच टाइप करून ठेवलंय.
आता हेडफोन, आणि त्यांचं घसा खाकरणं.

ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं :
ते बोलत असताना आपण बोलायचं नाही.
हुंकारसुद्धा नको. मान हलवा.
म्हणून एक तास चाळीस मिनिटं
मी नुसती मान हलवतेय
आणि ती कुठेच नोंदलेली नाही.

ते सांगतात :
सिनेगॉग काय म्हणतेस, आम्ही मशीदच म्हणायचो.
आजी, मशिदीत चाललो.
खालचा युसूफही त्याच्या आजीला तेच सांगायचा.
एकाच जिन्यावरून उतरायचो दोघं,
तो डावीकडे वळायचा, मी उजवीकडे.

मी विचारते, योम किप्पूरला काय करायचात?
(माझा आवाज. सगळ्या फाइलमध्ये नऊच वेळा.)
ते हसतात. दारफाळणीचा सण म्हण की.
दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे, पाण्याचा थेंब नाही,
आणि आईची ताकीद, भय्याचं दूध बाहेरच राहू दे,
नासलं तर नासू दे.
अजून नासक्या दुधाचा वास आला ना,
की मला पोटात देवाची भीती वाटते बघ.

मग तेलाचा घाणा. तो त्यांनी पाहिलेला नाही,
त्यांच्या आजोबांनीही नाही.
पण बैल होता म्हणे असा,
की शुक्रवारी दिवेलागण झाली
की आपणहून मान काढून घ्यायचा जुवातून.
हे खरं का, असं मी विचारलं नाही.
बैलाचं नाव विचारलं.
पवळ्या, म्हणाले, लगेच.
खापरपणजोबांचं नाव मात्र
शेवटपर्यंत आठवलं नाही.

मधे कुकरच्या तीन शिट्ट्या.
गल्लीत कुणीतरी लोखंड कापतंय.
नियमाप्रमाणे हेही कंसात.

एक तास बाविसाव्या मिनिटाला ते उठतात.
काळ्या मनुका भिजत घातल्या होत्या सकाळी,
तू येणार म्हणून.
शरबत गाळल्याचा आवाज, पेला स्टीलचा.
बराखा लटकी म्हणायची नसते, म्हणतात,
नुसती दाखवायला तर नाहीच.
म्हटली की प्यायचं. तेव्हा मी खरंच पिणार आहे,
तुझं मशीन चालू राहू दे.
आणि म्हणतात. शब्द हिब्रू,
शेवटचा स्वर लांबवायची रीत कीर्तनातली, आपल्याकडची.
मग थांबतात.

मी टाइप केलं होतं : (शांतता, चार सेकंद.)

परवा त्यांची बहीण, शेगुलाबाई, फोनवर सांगत होत्या,
माती द्यायच्या वेळी दहा पुरुष जमेनात,
ठाण्याहून दोघांना टॅक्सी करून आणलं,
एक तर लग्नाच्या कपड्यांतच आला.
म्हातारा एकटाच बराखा म्हणायचा ग घरात,
स्वतःच म्हणायचा आणि वाट बघायचा.
कसली, मी विचारलं.
आमेनची. स्वतःचं स्वतःला नाही म्हणता येत.

आज फाइल मागे घेऊन ऐकते.
चार सेकंद. पंख्याची खरखर.
दुसऱ्या सेकंदाला त्यांचा श्वास,
माझ्याकडे वळलेला, असा ऐकू येतो.
मला तो शब्द येत होता.
सिनेमात ऐकलेला, शाळेत, ख्रिस्ती मैत्रिणीकडे.
मी मान हलवली असणार.
पाचव्या सेकंदाला त्यांनी पेला तोंडाला लावला.

रिकाम्या खोलीत म्हणून पाहिलं,
मोठ्याने, दोनदा. दुसऱ्यांदा जरा बरं जमलं.
टाइप केलेलं बदललं नाही.
शांतता होती, ती शांतताच राहील.

फाइल अठरा. शेगुलाबाई, वय शहात्तर, माझगाव.
पहिलंच वाक्य :
रहमिमने काय सांगितलंय ते आधी पूस.
बैलाचं नाव पवळ्या नव्हतं.